चिठ्ठी कोण वाचतं?

फायनल इयरच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा सकाळी दहाला होती. आदल्या रात्री दीड वाजता, नांदेडच्या आमच्या होस्टेलवर, माझा लातूरचा पार्टनर ओरडला, "अरे, 'डेटा' फोल्डर उघडंना!"

लिनक्स सर्व्हर आमचाच ग्रुप सांभाळायचा. त्याच्यावर बसून पाहिलं तर फोल्डर मस्त उघडत होतं. लॅबच्या लिनक्स मशीनवर (एनएफएसने जोडलेल्या) 'नो सच फाइल', आणि होस्टेलच्या विंडोज पीसीवर सांबातून 'अ‍ॅक्सेस डिनाइड'! घाईत परवानग्या ७७७ केल्या. उपयोग शून्य.

मग 'एलएस -एल' मारलं. 'डेटा' हे फोल्डर नव्हतंच! ती '/होम/प्रोजेक्ट/डेटा' कडे बोट दाखवणारी सिंबॉलिक लिंक होती.

लिंक म्हणजे नुसती चिठ्ठी. "स्टेशनसमोर ये" एवढंच लिहिलं तर नांदेडचा माणूस नांदेडच्या स्टेशनवर जाईल, लातूरचा लातूरच्या. म्हणून पहिला प्रश्न हा, की चिठ्ठी वाचतं कोण?

एनएफएसमध्ये क्लायंट वाचतो. लॅबच्या मशीनने तो पत्ता स्वतःच्याच डिस्कवर शोधला. तिथे तसं फोल्डरच नव्हतं.

विंडोजवाल्यांसाठी सांबा सर्व्हरवरच चिठ्ठी वाचतो, पण पत्ता शेअरच्या बाहेरचा असेल तर अडवतो. लिंकच्या आडून शेअरबाहेरच्या फाइली वाचता येतात हे २०१० मध्ये गाजलं, आणि तेव्हापासून 'वाइड लिंक्स' हे सेटिंग मुळातच बंद असतं.

पार्टनर म्हणाला, "चालू करून टाक की, कोण बघतंय?" मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण आमच्या एका व्हायव्हासाठी सगळ्या होस्टेलला सर्व्हरचं दार उघडं राहिलं असतं.

शेवटी 'डेटा' फोल्डर शेअरच्या आत हलवलं, जुनी लिंक काढली आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'एलएन -एस ../डेटा डेटा' अशी रिलेटिव्ह लिंक केली. म्हणजे पत्ता "स्टेशनसमोर" नाही, "शेजारच्या खोलीत". एनएफएस आणि सांबा दोन्हीकडून एकच मुख्य फोल्डर शेअर होत असल्याने दोन्ही ठिकाणी उघडलं. ७७७ सुद्धा परत घेतलं. तेव्हा तीन वाजले होते.

तेव्हा दोस्तहो, शेअरवरची लिंक अडली तर परवानग्यांना हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा:

१) लिंक कुठे बोट दाखवते?
२) ती सर्व्हर वाचतो की क्लायंट?
३) पत्ता शेअरच्या आत आहे का?

आणि हो, विंडोजचा शॉर्टकट ही साधी फाइल असते. तिला सिंबॉलिक लिंक समजू नका!