साथ ओसरल्यावर

इ. स. २००९ च्या ऑगस्टांत नव्या इन्फ्लुएन्झानें देशांतील पहिला बळी पुण्यांत घेतला. शाळा बंद झाल्या, लोक तोंडास फडकीं बांधून हिंडूं लागले. वर्षभरानें, १० ऑगस्ट २०१० रोजीं, जागतिक आरोग्य संघटनेनें महामारी संपल्याचें जाहीर केलें.

साथीबरोबर लसीची आस्थाही ओसरते. फ्रान्सनें ९ कोटी ४० लक्ष मात्रा मागविल्या होत्या. परंतु एकच मात्रा पुरेशी ठरली, लोकही पुढें येईनात, म्हणून जानेवारी २०१० मध्यें ५ कोटींची मागणी रद्द झाली.

रोगी घटले म्हणजे रोग गेला, असें आम्ही समजतों. पण तोच विषाणु २०१५ सालीं उसळला व भारतांत २,००० हून अधिक माणसें दगावलीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें लस आधींच टोचून घ्यावी, हाच धडा आम्हीं शिकावा.