चुंबकी कंदील : खरेदीपूर्वी व खरेदीनंतर करावयाची परीक्षा

वऱ्हाडातील शेतीचे काम सूर्यास्ताबरोबर संपत नाही. रब्बी हंगामात हरभरा व गहू यांचे ओलीत, वरूड-मोर्शी भागातील संत्र्याच्या बागांना द्यावयाचे पाणी, पीक हाताशी आले असता रानडुकरे व रोही यांपासून करावी लागणारी जागल, कोठ्यातील गाईचे वीत, खळ्यावरील मळणी, ही सर्व कामे रात्री करण्याचा प्रसंग अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्यास वारंवार येतो. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी हा २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू आहे. तथापि जेथे वीज रात्रीच्या पाळीत येते, तेथे ओलितासाठी रात्रीच वावरात जावे लागते आणि सोबत भरवशाचा दिवा असणे अगत्याचे ठरते.

मागील पिढीत हे काम रॉकेलचा कंदील करीत असे. सातारा जिल्ह्यातील ओगलेवाडी येथील कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी परिचित होता. त्या कंदिलाची पारख प्रत्येकास येत असे. काच स्वच्छ आहे काय, वात सरळ कापली आहे काय, टाकीत तेल किती आहे, हे पाहिले म्हणजे तो रात्रभर पुरेल की नाही याचा अंदाज बांधता येई. आता बाजारात चार्ज करता येणारे, एल.ई.डी. दिव्याचे व तळाशी लोहचुंबक बसविलेले लहान कंदील आले आहेत. ते हलके व धूररहित असून लोखंडी पत्र्यास चिकटत असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. परंतु त्यांतील ‘तेल’ डोळ्यांस दिसत नाही. म्हणून या कंदिलाची पारख कशी करावी हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घेणे आवश्यक आहे.

१. खोक्यावरील आकड्यांचा हिशेब

कंदिलाच्या खोक्यावर सामान्यतः तीन आकडे असतात. प्रकाश किती हे ‘ल्यूमेन’मध्ये, बॅटरीची साठवण ‘मिलिअँपिअर-तास’ (एम.ए.एच.) मध्ये आणि दिवा किती वेळ चालेल हे तासांत दिलेले असते. हे तीन आकडे परस्परांशी जुळतात की नाही हे कागद-पेन्सिलीने तपासता येते.

बहुतेक लहान कंदिलांत ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. मिलिअँपिअर-तासांस ३.७ ने गुणून १,००० ने भागले असता वॉट-तास मिळतात. उदाहरणार्थ, २,६०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ९.६ वॉट-तास वीज साठते. त्यांपैकी काही भाग आतील मंडलात खर्ची पडतो. म्हणून ८ वॉट-तास उपयोगी पडतील असे धरावे. चांगला एल.ई.डी. दिवा एका वॉटमागे साधारणतः १०० ल्यूमेन प्रकाश देतो. म्हणजे या कंदिलाची एकूण शिदोरी सुमारे ८०० ल्यूमेन-तासांची झाली. ती १०० ल्यूमेनने वापरल्यास ८ तास पुरेल, ४०० ल्यूमेनने वापरल्यास २ तासांत संपेल.

आता समजा, याच बॅटरीच्या खोक्यावर ‘५०० ल्यूमेन, १० तास’ असे छापले आहे. त्यासाठी ५,००० ल्यूमेन-तास लागतील. ८०० च्या शिदोरीतून ५,००० निघणे शक्य नाही. अशा वेळी एक तर ५०० ल्यूमेन हा आकडा केवळ पहिल्या काही मिनिटांचा असतो किंवा १० तास हा आकडा अत्यंत मंद प्रकाशाचा असतो. विजेऱ्यांसाठी प्रचलित असलेल्या एका अमेरिकी मानकानुसार प्रकाश मूळच्या एकदशांशावर येईपर्यंतचा सर्व काळ ‘चालण्याचा काळ’ म्हणून मोजला जातो. त्यामुळे छापलेला काळ खोटा नसूनही तो शेतकऱ्याच्या कामाचा असेलच असे नाही.

२. आपल्या रात्रीची गरज

कंदील विकत घेण्यापूर्वी आपल्या कामास किती प्रकाश लागतो हे ठरवावे. रात्री १० ते पहाटे ६ अशी विजेची पाळी आहे असे समजू. या ८ तासांत स्टार्टरची पेटी, फ्यूज व पंप पाहण्यात एकूण अर्धा तास जाईल व त्यास ३०० ल्यूमेनचा लख्ख प्रकाश लागेल. तेथे १५० ल्यूमेन-तास खर्च झाले. धुऱ्याने ये-जा करणे, दांड फोडणे, तुषार संचाचे पाईप बदलणे यांत २ तास गेले व त्यांस १०० ल्यूमेन लागले, तर २०० ल्यूमेन-तास झाले. उरलेल्या साडेपाच तासांत झोपडीत किंवा माळ्यावर २० ल्यूमेनचा मंद दिवा पुरतो. त्याचे ११० झाले. एकूण बेरीज ४६० होते. वर सांगितलेला ८०० ल्यूमेन-तासांचा साधा कंदील ही रात्र सुखाने पार पाडील.

तोच कंदील रात्री १० वाजता ३०० ल्यूमेनवर लावून तसाच ठेवला तर सुमारे १२ वाजून ४० मिनिटांनी विझेल व पाळीचे पाच तासांहून अधिक अंधारात जातील. यावरून असे दिसून येते की, सर्वांत लख्ख कंदील शोधण्यापेक्षा निदान तीन पायऱ्यांचा प्रकाश देणारा व मंद पायरी खरोखर मंद असणारा कंदील शोधणे हिताचे आहे.

३. घड्याळाची परीक्षा

हिशेबानंतर प्रत्यक्ष परीक्षा करावी. कंदील पूर्ण चार्ज करून अंधाऱ्या खोलीत मधल्या पायरीवर लावावा. त्यापासून दोन हातांवर ही पत्रिका धरून अक्षरे वाचता येतात काय हे दर तासास पाहावे व वेळ वहीत टिपावी. अक्षरे वाचेनाशी झाली की ‘उपयोगी प्रकाश संपला’ असे लिहावे, मग कंदील पुढे कितीही तास मिणमिणत राहो. अंतर प्रत्येक वेळी तेच ठेवावे, कारण अंतर दुप्पट केले असता पडणारा प्रकाश चौथाईवर येतो.

याच परीक्षेत कंदील विझण्यापूर्वी सूचना देतो की नाही हेही पाहावे. काही कंदील हळूहळू मंदावतात, काही लाल खूण दाखवितात, तर काही एकाएकी बंद पडतात. वावराच्या मध्यभागी एकाएकी अंधार करणारा कंदील ओलिताच्या कामास अयोग्य समजावा.

४. चुंबकाची परीक्षा

चुंबक केवळ लोखंड व पोलाद यांसच धरतो. स्टार्टरची पत्र्याची पेटी, लोखंडी खांब, ट्रॅक्टरचा पोलादी मडगार्ड, जस्ताचा मुलामा दिलेले छपराचे पत्रे यांवर तो बसतो. ॲल्युमिनियम, पितळ, प्लॅस्टिकचे पाईप व पुष्कळशी स्टेनलेस स्टीलची भांडी यांवर तो बसत नाही. म्हणून कंदिलास आकडा किंवा कडीही असावी, जेणेकरून तो निंबाच्या फांदीस अथवा माळ्याच्या बल्लीस टांगता येईल.

उभ्या पत्र्यावर कंदील घसरतो की काय हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. सरळ ओढून न निघणारा कंदीलही आपल्या वजनाने खाली घसरू शकतो. पत्र्यावर धूळ, ग्रीस किंवा रंगाचा जाड थर असल्यास पकड आणखी कमी होते. कंदील उभ्या पत्र्यावर लावून पाटीवर हाताने थाप मारावी, तसेच चालू ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पाच मिनिटे ठेवून पाहावा.

आपली काळी माती काळ्या पाषाणापासून बनलेली असल्यामुळे तिच्यात लोहयुक्त बारीक कण असतात. कंदील जमिनीवर ठेवल्यास ते चुंबकास चिकटून पकड सैल होते. चुंबक वेळोवेळी कोरड्या फडक्याने पुसावा.

दोन सावधगिऱ्या कटाक्षाने पाळाव्यात. स्टार्टरच्या पेटीत कंदील आतील बाजूस कधीही लावू नये. तो तारांच्या टोकांवर पडल्यास प्राणघातक अपघात संभवतो. कंदील पेटीच्या बाहेर किंवा शेजारच्या खांबावर लावावा व मुख्य स्विच बंद केल्याखेरीज पेटीत हात घालू नये. तसेच ज्यांच्या छातीत हृदयाची गती राखणारे यंत्र बसविले आहे त्यांनी असा कंदील खिशात ठेवू नये. तो यंत्रापासून निदान एक वीत दूर असावा.

५. पाणी, धूळ व ऊन

खोक्यावर ‘आय.पी.एक्स.४’ अशी खूण असल्यास कंदील चारी बाजूंनी उडणारे पाणी सोसतो. ‘आय.पी.एक्स.७’ असल्यास एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकतो. दांडात पडण्याचा संभव लक्षात घेता दुसरी खूण असलेला कंदील पसंत करावा. मात्र चार्ज करावयाच्या छिद्राचे रबरी झाकण नीट बसले असले पाहिजे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ही काळजी अधिक घ्यावी. खारे पाणी छिद्रात राहिल्यास आतील धातू लवकर गंजतो. कंदील भिजल्यास गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळल्यावरच चार्जरला जोडावा.

लिथियम बॅटरीचा खरा शत्रू उष्णता होय. ती ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करणे योग्य नसते आणि अकोल्यास मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर चढतो. टिनाच्या छपराखाली अथवा बंद गाडीत याहूनही अधिक उष्णता असते. यास्तव उन्हाळ्यात कंदील पहाटे, घरातील थंड जागी चार्ज करावा व ट्रॅक्टरवर उन्हात विसरू नये. फुगलेली किंवा हाताला चटका देणारी बॅटरी तत्काळ वापरातून काढावी. ती विस्तवात टाकू नये, फोडूही नये. जुन्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या दुकानात ती द्यावी.

६. मुक्कामी उपयोग

शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीसोबत चालणारे वारकरी, कपाशी वेचणीसाठी परगावी राहणारे मजूर, गुरांसोबत रानात उतरणारे गुराखी यांस रोज वीज मिळेलच असे नाही. त्यांनी दोन-तीन रात्रींची गरज धरून बॅटरी निवडावी. ५ वॉटच्या लहान सौर पाटीवर ९.६ वॉट-तासांची बॅटरी भरण्यास स्वच्छ उन्हाचे तीन-चार तास लागतात. आषाढातील ढगाळ दिवशी हा भरवसा धरता येत नाही. सौर पाटी उन्हात ठेवावी, कंदील मात्र सावलीत असावा. मेळघाटातील अरण्यात वनखात्याच्या परवानगीखेरीज मुक्काम करू नये, आणि नुसत्या स्थिर दिव्याने रानडुक्कर दूर राहते अशी समजूतही धरू नये.

मुक्कामी पिवळसर प्रकाशाची पायरी सोयीची पडते. पांढऱ्या प्रकाशापेक्षा तिच्याकडे किडे कमी येतात व डोळे दिपत नाहीत.

७. कंदील हातात कसा धरावा

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. मण्यार तर मुख्यतः रात्रीच फिरते. वावरातून चालताना कंदील डोळ्यांच्या पातळीवर धरल्यास धरणाराच दिपतो व पायाखालचे दिसत नाही. तो गुडघ्याजवळ, थोडा पुढे धरावा. असा आडवा प्रकाश जमिनीवरील प्रत्येक वस्तूची सावली पाडतो व साप लवकर नजरेस येतो. पायांत बूट व हातात काठी असावी. दंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णास तातडीने सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

८. निवड व निगा

खरेदीच्या वेळी बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहावा. बॅटरी बदलता येणारा कंदील अधिक काळ सेवा देतो. ‘१८६५०’ या आकाराची, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची व ६५ मिलिमीटर लांबीची बॅटरी सहज उपलब्ध असते. चार्ज करण्याचे छिद्र मोबाइलच्या तारेस जुळणारे असावे. हंगाम संपल्यावर कंदील अर्धा चार्ज करून ठेवावा व दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा. वर्षातून एकदा घड्याळाची परीक्षा करावी. पहिल्या वर्षी सहा तास मिळालेला उपयोगी प्रकाश चार तासांवर आल्यास बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे.

गावातील चार-पाच शेतकऱ्यांनी निरनिराळे कंदील घेण्यापूर्वी एक कंदील आणून त्याची परीक्षा एकत्र बसून करावी व नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. एकाच्या अनुभवाने इतरांचे पैसे वाचतील आणि मध्यरात्री धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील दिवा ऐनवेळी दगा देणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. ४,००० मिलिअँपिअर-तासांच्या कंदिलात किती वॉट-तास साठतात? तो १०० ल्यूमेनवर सुमारे किती तास चालेल?
२. आपल्या गावातील विजेच्या पाळीनुसार एका रात्रीच्या ओलितास किती ल्यूमेन-तास लागतील?
३. आपल्या विहिरीवर चुंबक धरील अशा जागा कोणत्या? त्यांपैकी कोणत्या जागी कंदील लावणे धोक्याचे आहे?
४. उन्हाळ्यात कंदील चार्ज करण्यास आपल्या घरातील कोणती जागा व कोणती वेळ योग्य ठरेल?