वेताची वीण

छत्रपती संभाजीनगर हे फार पूर्वीपासून विणकरांचे नगर म्हणून प्रसिद्ध आहे. सूत आणि रेशीम यांच्या संगतीने विणले जाणारे हिमरू हे या नगराचे भूषण. आणि येथून दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या पैठणच्या पैठणीचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? परंतु विणण्याची कला केवळ मागावरच नांदते असे नाही. जिला माग लागत नाही, धोटा लागत नाही, दोन हात आणि एक धारदार सुरी एवढीच जिची सामग्री, अशीही एक वीण आहे. ती म्हणजे वेताची आणि बांबूची वीण.

मराठवाड्यातील उन्हाळा कडक असतो. चैत्र-वैशाखात पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती सायंकाळी लवकर निवत नाहीत. म्हणून रात्रीचे जेवण अंगणात, ओसरीवर किंवा गच्चीवर घेण्याची रीत येथे जुनीच आहे. पूर्वी त्यासाठी सतरंजी अंथरली जाई, पाट मांडले जात. आता काही घरांच्या ओसरीवर वेताने विणलेले एक मेज आणि त्याभोवती चार खुर्च्या मांडलेल्या दिसतात. हा जेवणाचा संच दिसावयास साधा असतो. परंतु त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहिले, त्यावरून हात फिरविला, तर त्यात निसर्गाचे आणि माणसाचे किती कौशल्य साठलेले आहे हे कळून येते.

प्रथम त्याचे रूप पाहावे. वेताचा रंग मधासारखा पिवळसर असतो आणि वापराने तो हळूहळू तांबूस होत जातो. त्याच्या सालीत सिकता नावाचे, वाळूच्या जातीचे द्रव्य असते. त्यामुळे रंग न देताही तिला चकाकी येते. दिवा लागला की खुर्चीच्या पाठीची जाळी जमिनीवर आपली सावली टाकते. जणू जमिनीवर दुसरी खुर्ची विणली जात आहे असे वाटते. या नगरातील बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची जाळी आहे. ती कोरणाऱ्या शिल्पकाराने दगडातील नको तो भाग काढून टाकला आणि जाळी उरली. वेतकाम करणारा कारागीर याच्या उलट वाटेने जातो. तो एकेक पट्टी आणून ठेवतो आणि मोकळ्या जागेभोवती जाळी उभी करतो.

आता स्पर्श पाहावा. लोखंडाची खुर्ची उन्हाने तापते आणि थंडीत गारठते. वेत उष्णता चटकन घेतही नाही आणि चटकन देतही नाही. शिवाय जाळीतून वारा खेळत राहतो. त्यामुळे पाठीला घाम धरत नाही. माणूस बसला की बैठक किंचित दबते, हलकेच कुरकुरते आणि उठला की पूर्ववत होते. लाकडी फळीवर शरीराने फळीशी जुळवून घ्यावे लागते. वेताची बैठक मात्र आपणच शरीराशी जुळवून घेते. मेजाचे विणलेले पृष्ठ मात्र उंचसखल असते. त्यावर वाटी कलंडेल, आमटी फटींतून गळेल. म्हणून त्यावर बहुधा काचेची पाटी बसवितात.

हा वेत म्हणजे आहे तरी काय? पुष्कळांस वेत आणि बांबू एकच वाटतात. पण तसे नाही. बांबू हे वस्तुतः गवत आहे. ते स्वतःच्या बळावर सरळ उभे राहते आणि त्याची पेरे बहुधा आतून पोकळ असतात. वेत हा ताडामाडाच्या कुळातील आहे. मात्र ताडासारखा ताठ उभा राहण्याचे बळ त्याच्या अंगी नाही. तो आकड्यांसारख्या काट्यांनी शेजारच्या वृक्षांना धरून वर चढतो. त्याची खोडे अंगठ्याएवढी किंवा मनगटाएवढी जाड, आतून भरीव आणि अतिशय लांब असतात. काही जातींचे खोड 100 मीटरपेक्षाही अधिक वाढते. सह्याद्रीतील दमट अरण्ये, आसाम आणि अंदमान येथे वेत आढळतो. जगात सर्वांत अधिक वेत इंडोनेशियाच्या बेटांवर होतो. ज्याला उभे राहण्यास दुसऱ्याचा आधार लागतो, तोच वेत तोडून आणल्यावर माणसाचा भार वाहतो, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

याचे रहस्य त्याच्या लवचिकपणात आहे. कारागीर जाड वेताला आच देतो किंवा वाफेत ठेवतो. उष्णतेने तंतू मऊ होतात आणि वेत हवा तसा वाकतो. त्या स्थितीत त्याला साच्यात अडकवून निवू दिले की तो आकार कायम राहतो. अशा वाकविलेल्या वेतांचा प्रथम सांगाडा करतात. जेथे दोन वेत मिळतात, तेथे खिळा किंवा स्क्रू मारून वरून सालीची पट्टी घट्ट गुंडाळतात. ही गुंडाळी केवळ शोभेची नसते; ती सांध्याला फाटू देत नाही. नंतर बारीक वेताच्या सालीच्या पट्ट्या काढून त्यांनी बैठक आणि पाठ विणतात. साल काढल्यावर उरलेला गाभाही वाया जात नाही. त्याच्या गोल काड्या करून त्यांचीही वीण घालतात.

बैठकीची सर्वांत परिचित वीण अष्टकोनी घरांची असते. तीत काही पट्ट्या उभ्या, काही आडव्या आणि काही दोन्ही बाजूंनी तिरप्या जातात. प्रत्येक पट्टी दुसरीच्या एकदा वरून आणि एकदा खालून जात असल्याने कोणतीही पट्टी एकटी सुटत नाही. एका ठिकाणी पडलेला भार सर्व दिशांनी वाटला जातो. एक पट्टी हाताने सहज तुटेल. पण शेकडो पट्ट्यांची ती बैठक माणसाला वर्षानुवर्षे उचलून धरते. डोळ्यांना जी नक्षी वाटते, तीच खरे तर खुर्चीची ताकद असते. या कलेत शोभा आणि उपयोग यांची फारकत करता येत नाही.

ही कला आजकालची नाही. महाकवी कालिदासाच्या 'कुमारसंभव' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात हिमालयाने घरी आलेल्या सप्तर्षींना वेताच्या आसनांवर बसविल्याचे वर्णन आहे. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्या काळात घडली, त्याच्या आसपासचे हे काव्य. म्हणजे त्या काळीही वेताचे आसन पूज्य पाहुण्यांना देण्याजोगे मानले जात होते. युरोपातही हा प्रकार जुना आहे. जर्मनीतील ट्रीर येथील संग्रहालयात सुमारे 1800 वर्षांपूर्वीचे एक रोमन शिल्प आहे. त्यात एक स्त्री विणलेल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली असून दासी तिची केशरचना करीत आहेत.

महाराष्ट्रात वेताचे काम थोडे, बांबूचे फार. सूप, टोपली, दुरडी, रोवळी, परडी, धान्याची कणगी, कोंबड्यांचे डालगे या सर्व वस्तू बुरूड कारागिरांच्या हातांनी घडत आल्या. आजही लग्नकार्यात सूप आणि दुरडी लागतातच. बुरूड ओला बांबू उभा चिरतो, त्याच्या कामट्या काढतो आणि त्या पायाखाली दाबून धरून झरझर विणीत जातो. त्याला मोजपट्टी लागत नाही. वीतभर, हातभर हेच त्याचे माप. या श्रमाला आपल्याकडे मोठी परंपरा लाभली आहे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मेदार केतय्या नावाचे शरण होऊन गेले. ते बांबूच्या टोपल्या विणून चरितार्थ चालवीत. प्रामाणिक श्रम हीच पूजा, ही बसवेश्वरांची शिकवण त्यांनी आचरणात आणली. बुरूड समाज आजही त्यांना वंदनीय मानतो.

परंतु मराठवाड्याची हवा वेताला फारशी मानवत नाही. तो दमट अरण्यात वाढलेला. येथील कोरड्या उन्हात त्याचे अंग आकसते, पट्ट्या ठिसूळ होतात आणि तडकतात. पावसाळ्यात ओला राहिला तर त्यावर बुरशी चढते. म्हणून वेताचा संच छपराखाली, सावलीत ठेवावा. उन्हाळ्यात त्यावरून अधूनमधून ओलसर फडके फिरवावे. सालीची बैठक सैल पडली तर ती खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवून सावलीत वाळू द्यावी. वाळताना पट्ट्या आकसतात आणि बैठक पुन्हा ताणली जाते. बांबूला वेगळे भय असते. त्याच्या अंगातील पिठूळ द्रव्यावर भुंगेरे येतात. म्हणून बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा अशी जुनी चाल आहे. पाण्यात बुडवून ठेवणे किंवा टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरविणे हेही उपाय केले जातात.

ऊनपाऊस सोसणारी वीण हवी, म्हणून माणसाने कृत्रिम साहित्याचा शोध घेतला. अमेरिकेतील मार्शल लॉइड याने 1917 मध्ये पीळ घातलेल्या कागदाचे कापड यंत्रावर विणून ते खुर्चीच्या सांगाड्यावर चढविण्याची युक्ती काढली. त्या कापडाच्या उभ्या दोऱ्यांत पोलादी तार असे. आज बाहेर ठेवण्याच्या संचांत पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतात. त्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर विणलेल्या असतात. उन्हाने लवकर विरू नयेत म्हणून त्यांत विशेष द्रव्ये मिसळतात. असा संच उघड्या गच्चीवरही टिकतो. दुरून पाहणाऱ्यास तो वेताचाच वाटतो. मात्र हात लावला की भेद कळतो. त्याच्या पट्ट्या सर्वत्र एकसारख्या असतात, उन्हात तापतात आणि कालांतराने त्यांचा कचराच होतो. वेताची पट्टी कोठे रुंद, कोठे अरुंद असते आणि मोडली तर मातीत मिसळते.

असे असले तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्लॅस्टिकच्या या पट्ट्याही बहुधा हातांनीच विणल्या जातात. गोल वळणे, कोपरे, खुर्चीचे हात यांभोवती वीण वळविणे यंत्राला सहज साधत नाही. साहित्य बदलले, पण बोटे तीच राहिली. म्हणून या वस्तूचे खरे मोल साहित्यात जितके, तितकेच त्या बोटांत आहे. दुकानातील खुर्ची छापील किमतीला निमूटपणे विकत घेणारा माणूस रस्त्याच्या कडेला बसलेल्या बुरुडाशी मात्र टोपलीसाठी घासाघीस करतो. दिवसभराच्या श्रमातून पोट भरले नाही, तर कारागिराची मुले ती कला का म्हणून शिकतील?

कारागिराला कच्चा मालही सुलभपणे मिळाला पाहिजे. 1927 च्या भारतीय वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती. त्यामुळे तो तोडणे आणि वाहून नेणे यांवर निर्बंध होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. 2011 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, आणि ही घटना देशभर गाजली. 2017 मध्ये वनाबाहेर वाढविलेला बांबू वृक्षांच्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेताच्या बांधावर लावलेला बांबू विकणे शेतकऱ्याला सोपे झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात होणारा माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो; त्यापासून उत्तम मेजे आणि खुर्च्या तयार होतात. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथे बांबूकामाचे शिक्षण देणारे केंद्रही आहे. जुन्या कलेला नव्या ज्ञानाची जोड मिळाली, तर बुरुडाच्या घरातील सुरी पुढच्या पिढीच्या हातीही शोभेल.

वेताची खुर्ची घेताना जाणता मनुष्य तिच्या वरच्या चकाकीला भुलत नाही. तो ती उलटी करून पाहतो. खाली, जेथे कोणाचे लक्ष जात नाही, तेथेही टोके नीट दडविलेली आहेत का, गुंडाळी घट्ट आहे का, हे तो तपासतो. तेथील काम चोख असेल तर ती खुर्ची चांगली समजावी, आणि तिला कारागिराने सांगितलेली किंमत आनंदाने द्यावी.

स्वाध्याय

1. वेत आणि बांबू यांतील भेद सांगा.
2. अष्टकोनी विणीची बैठक बळकट का असते?
3. संगमरवराची जाळी आणि वेताची जाळी यांच्या घडणीत कोणता फरक आहे?
4. 'साहित्य बदलले, पण बोटे तीच राहिली' या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
5. आपल्या गावातील एखाद्या बुरूड कारागिराचे काम पाहा आणि त्याच्या अनुमतीने त्याचे दहा ओळींत वर्णन करा.