शेतकऱ्याला समोरासमोर भेटा : सिअ‍ॅटलचा पाइक प्लेस बाजार

1907 साली सिअ‍ॅटलमध्ये कांदा भडकला. वर्षभरात भाव दहापट झाले, आणि वाढलेला पैसा पिकवणाऱ्याच्या हाती काही आला नाही. शेतकरी गाडीभर माल वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवरच्या अडत्यांच्या गाळ्यावर टाकून जायचा. माल किती गेला, कितीला गेला, किती सडला, हे अडत्या सांगेल तेच खरं. इकडे गिऱ्हाईक वाट्टेल तो भाव मोजत होतं. लासलगाव-पिंपळगावच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या आपल्या मंडळींना यापुढे काही उलगडून सांगायला नको.

आपल्या मराठी मंडळींच्या अधिवेशनासाठी सिअ‍ॅटलला येणाऱ्या पाहुण्यांना या शहराची ओळख करून द्यायची, तर सुरुवात या कांद्यापासून व्हावी असं मला मनापासून वाटतं. बाकीचं सिअ‍ॅटल तुम्हाला ऐकून माहीत आहे. दुवामिश आणि सुक्वामिश लोकांची ही भूमी, त्यांचे प्रमुख सिआथ्ल यांच्यावरून पडलेलं शहराचं नाव, 1851 मध्ये अल्की किनाऱ्यावर उतरलेले वसाहतकार, 1889 ची भीषण आग, 1897 पासूनची क्लॉन्डाइकच्या सोन्याची धावाधाव, 1916 मध्ये सुरू झालेली बोइंग आणि मग ज्या संगणक कंपन्यांमुळे आपल्यातले बहुतेकजण इथे आले त्या. स्पेस नीडलवर तुम्ही जालच. पण शहराचा स्वभाव कळतो तो पाइक स्ट्रीट समुद्राकडे उतरत संपते तिथे, लाल अक्षरांच्या 'पब्लिक मार्केट सेंटर' या पाटीखाली.

कांद्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा टॉमस रेव्हेल या नगरसेवकाने एका जुन्या ठरावाचा आधार घेऊन प्रस्ताव मांडला: शेतकऱ्याला रस्त्यावर गाडी उभी करून थेट विकू द्या. 17 ऑगस्ट 1907, शनिवार. पावसाळी सकाळ होती. दहाएक शेतकरी गाड्या घेऊन आले आणि त्यांच्यावर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. दुपार व्हायच्या आत सगळा माल संपला आणि अनेकांना रिकाम्या पिशव्या घेऊन परतावं लागलं. क्लॉन्डाइकमध्ये पैसा कमावलेल्या फ्रँक गुडविन यांनी त्या गर्दीतली संधी ओळखली आणि त्याच वर्षाअखेर छपराखालची पहिली इमारत उभी केली. 'मीट द प्रोड्यूसर', म्हणजे पिकवणाऱ्याला भेटा, हे या बाजाराचं ब्रीद आजही पाटीवर लिहिलेलं दिसतं.

बाजाराच्या इतिहासातलं एक पान मात्र काळं आहे, आणि ते वगळून पुढे जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धापूर्वी इथल्या निम्म्याहून जास्त ओट्यांवर जपानी वंशाचे शेतकरी बसत. आसपासच्या खोऱ्यांमधली जमीन त्यांनी साफ करून लागवडीखाली आणली होती. फेब्रुवारी 1942 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना, त्यांतल्या जन्माने अमेरिकन असलेल्या मुलाबाळांसकट, तारेच्या कुंपणाआडच्या छावण्यांत नेण्यात आलं. ओटे ओस पडले. युद्धानंतर फार थोडे परतले, कारण परतायला शेतीच उरली नव्हती. मुख्य प्रवेशाजवळ मान वर करून पाहिलंत तर आकी सोगाबे या कलावतीची पाच चित्रं दिसतील. ती या शेतकऱ्यांच्या स्मरणार्थ आहेत. बहुतेक लोक त्यांच्याखालून तसेच निघून जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबा.

त्यानंतर बाजार खंगत गेला. सुपरमार्केटं आली, खोऱ्यातल्या शेतांवर कारखाने आणि वसाहती उठल्या. साठच्या दशकात महापालिकेने आणि धंदेवाल्यांनी ठरवलं, की ही जुनाट जागा पाडून तिथे हॉटेल, कार्यालयांचे मनोरे आणि हजारो गाड्यांचा वाहनतळ बांधायचा. विरोधात उभे राहिले व्हिक्टर स्टाइनब्रूक, वॉशिंग्टन विद्यापीठातले वास्तुशास्त्राचे प्राध्यापक. स्पेस नीडलच्या आराखड्यातही त्यांचा हात होता. ते बाजारात बसून रेखाटनं करत: ओटे, फळ्या, छपराचे खांब, भाजी निवडणारी म्हातारी माणसं. 1964 मध्ये त्यांनी सोबत्यांसह 'फ्रेंड्स ऑफ द मार्केट' ही संघटना काढली, हजारो सह्या गोळा केल्या आणि प्रश्न थेट मतपेटीत नेला. 2 नोव्हेंबर 1971 रोजी सिअ‍ॅटलकरांनी बाजार राखण्याच्या बाजूने स्पष्ट कौल दिला. माझ्या मते या शहराने आजवर केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं मतदान आहे.

या कौलातून केवळ इमारती वाचल्या नाहीत. 1973 मध्ये बाजार सांभाळण्यासाठी सार्वजनिक मालकीचं एक प्राधिकरण स्थापन झालं आणि काय विकायचं, कोणी विकायचं याचे कडक नियम झाले. साखळी दुकानांना इथे मज्जाव आहे. दुकान मालकाने स्वतः चालवलं पाहिजे. स्टारबक्स अपवाद, कारण 1971 मध्ये तिचा जन्मच इथे जवळ झाला आणि 1976 मध्ये ती सध्याच्या जागी आली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या बाजारात माणसं राहतात. दुकानांच्या वरच्या आणि मागच्या घरांमध्ये कमी उत्पन्नाची चारशेहून अधिक माणसं, त्यात बरीचशी वयस्क, परवडणाऱ्या भाड्यात नांदतात. त्यांच्यासाठी आणि आसपासच्या गरजूंसाठी आवारातच दवाखाना आहे, ज्येष्ठांचं केंद्र आहे, बालवाडी आहे, मोफत धान्य-भाजी देणारी फूड बँक आहे. पाटीखाली उभी असलेली रेचल ही ब्राँझची डुकरीण 1986 पासून या कामासाठी नाणी गोळा करते. मुलांना तिच्या पाठीवर बसवून फोटो काढाल तेव्हा तिच्या फटीत काहीतरी टाका.

आता बाजारात फिरायचं कसं, ते सांगते. मासे हवेत फेकत विकणाऱ्यांभोवती आणि स्टारबक्सच्या दारात जी गर्दी दिसेल तिथेच सकाळ घालवू नका. दर्शनी भागात फळांचे उंच, रचलेले ढीग दिसतात, ते कायमचे गाळे. केळी, संत्री, बाहेरून आणलेला मालही तिथे असतो. चांगला असतो, पण तो विकणाऱ्याने पिकवलेला असेलच असं नाही. शेतकऱ्यांचे ओटे बुटके आणि साधे असतात. त्यावर बसणाऱ्याने स्वतः पिकवलेलंच विकायचं, असा नियम आहे.

फुलांच्या ओट्यांवर बहुतेक ह्मोंग कुटुंबं दिसतील. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेले हे डोंगरी शेतकरी. ऐंशीच्या दशकात त्यांना इथे जमीन आणि ओटे मिळवून देण्याचे प्रयत्न झाले आणि आज बाजाराचा रंग त्यांच्यामुळे आहे. ऑगस्टमध्ये डेलिया ऐन बहरात असतात. बाई एकेक दांडा उचलते, खालची पानं बोटांनी ओरबाडते, मोठं फूल मधोमध धरून भोवती झिनिया लावते, दांडे एका फटक्यात सरळ कापते आणि पांढऱ्या कागदात गुच्छ गुंडाळून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. भाव रास्त असतो, घासाघीस करू नका.

उन्हाळ्यात इथे वालावालाचा गोड कांदाही येतो. राज्याच्या पूर्वेकडच्या वालावाला गावाचा हा कांदा पसरट, फिका आणि रसाळ असतो, फोडला तरी डोळ्यांना झोंबत नाही. थालीपिठासोबत कच्चा खाऊन पाहा.

विमानतळावरून लाइट रेलने वेस्टलेक स्थानकावर उतरलात की बाजार पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. गाडी आणू नका, पार्किंगमध्ये जीव जाईल. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ सोडले तर बाजार वर्षभर उघडा असतो. सकाळी नऊच्या सुमारास या, कापडी पिशवी आणि सुटे डॉलर बरोबर ठेवा, आणि ओट्यापलीकडच्या माणसाला त्याचं शेत कुठे आहे, एवढं जरूर विचारा.