अदूचं फीड बंद करू नकोस

डोंबिवली, रविवार

चि. अनघा,


काल रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, अदूला जुलाब होतायत, पोट टम्म फुगलंय, उलट्याही होतायत, म्हणून तू रात्रीचं फीड बंद केलंस आणि दिवसाच्या फीडमध्ये निम्मं पाणी घालतेस. वर वाकोल्यातल्या कुणीतरी सासूबाईंना सांगितलंय, पोटातल्या नळीतून एरंडेल घाला, एकदाचं पोट धुऊन निघू दे. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांग, रात्रीचं फीड गाळलंस तेव्हा फिटचं औषध दिलंस ना? की तेही त्याच्याबरोबर गेलं? आणि निम्मं पाणी म्हणजे निम्मं जेवण. नुसतं पाणीच जास्त गेलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि त्यानेही फिट येऊ शकते. अंगावर मांस नाही त्या पोराच्या. उलटीच्या भीतीने त्याला उपाशी ठेवतेस?

मला वॉर्डात पाहिलेली मुलं आठवतात. त्यावरून माझा संशय असा, की तुम्ही ज्याला जुलाब म्हणता ते जुलाब नसतीलच. त्याला शेवटची नीट शी कधी झाली होती? आडवं पडून असणारं मूल, स्नायू ताठ, हालचाल नाही, पोटात पाणी बेताचं. आतड्यात खडा धरतो आणि त्याच्या बाजूने पातळ तेवढं झिरपतं. आई म्हणते जुलाब, आणि आत असतं घट्ट बद्धकोष्ठ. मिलन सबवे पाण्याने भरला की वरच्या रस्त्यावर गाड्या तुंबतात ना, तसं खाली अडलं की जठर रिकामं होत नाही, आणि घातलेलं फीड उलटतं. पण हे मी डोंबिवलीत बसून म्हणतेय. उद्याच्या उद्या डॉक्टरांना पोट दाबून बघू दे. शी मऊ करायचं औषध लागलं तर मात्रा तेच ठरवतील. एरंडेल मात्र फेकून दे. उलटीबरोबर तेल श्वासात गेलं तर फुप्फुसात ठाण मांडतं.

सासूबाई म्हणतात, पोटाला भोक पाडलं म्हणून हे सगळं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना सांग, पोट न फाडता दुर्बिणीने ही नळी बसवायची रीत 1979 साली अमेरिकेत, क्लीव्हलंडला निघाली, आणि पहिली नळी बसली ती एका तान्ह्या बाळालाच. तुझा वसंतमामा त्याआधीच गेला. तू त्याला फोटोतच पाहिलंस. आई त्याला मांडीवर घेऊन चमच्याने पेज भरवायची, तासन्‌तास. तो ठसकायचा, घुसमटायचा. अन्न श्वासनळीत जातंय हे घरात कुणाला कळत नव्हतं. मिठू अलूर यांनी 1972 सालीच मुंबईत अशा मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली होती, आम्हाला पत्ताही नव्हता. शेवटी न्यूमोनियाने गेला. आई हाक मारायची, "जरा चमचा धर गं," आणि मी अभ्यासाचं निमित्त सांगून गॅलरीत पळायचे. नर्स झाले त्यामागे तेही असेल. म्हणून म्हणते, त्या नळीला दोष देऊ नका, आणि तिच्यातून जाणारं अन्न तोडू नका.

फार बोलले का? तुझे हात मी पाहिलेत, गरम पाण्याने आणि साबणाने सालं निघालेले. एवढं तर मीही केलं नसतं.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत एवढं कर. फीडच्या आधी दट्ट्या काढून रिकामी सिरिंज नळीला लाव आणि उंच धर, हवा निघून जाऊ दे. त्याला अर्धवट बसता ठेव, फीडनंतरही तासभर. सिरिंज जरा खाली धरलीस की फीड सावकाश उतरेल. फीड झालं की पाणी घालून नळी धुवायची, औषधांनंतरही. हिरवी उलटी, रक्त, किंवा हाताला दगड लागावं इतकं ताठ पोट दिसलं, तर फीड थांबव आणि सरळ हॉस्पिटल गाठ. थांबवायचं ते तेवढ्यासाठीच. नळी निघून आली तरीही सरळ हॉस्पिटल, कारण भोक काही तासांतच आकसतं. अशा वेळी परळच्या वाडियापर्यंत जायचा हट्ट नको, देसाई हॉस्पिटल जवळ आहे. आणि अदूच्या निरामय आरोग्यविम्याचं नूतनीकरण झालंय का, ते संदीपरावांना बघायला सांग. वर्षाला लाखापर्यंत मिळतात, तुम्हाला ते सोडून चालणार नाही.

शुक्रवारी मी येते. रात्रीचं फीड मी बघेन, तू आतल्या खोलीत झोप. सासूबाईंशीही मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. अदूला माझा पापा. तोवर त्याचं फीड डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नकोस गं, एवढं ऐक माझं.

तुझी,
सुमनमावशी