आधी उंची, मग स्नायू
सकस आहार घेऊनही अंगी मांस धरत नाही, ही तक्रार घेऊन १४-१५ वर्षांचे मुलगे बऱ्हाणपुरात माझ्याकडे नेहमी येतात. वयात येताना उंची प्रथम झपाट्याने वाढते. स्नायूंचे वजन व बळ मागाहून भरते. म्हणून मी आधी वाढीचा आलेख पाहतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार या वयाच्या मुलास रोज ४५ ग्रॅम प्रथिने हवीत. आपल्या केळ्यात ऊर्जा भरपूर, प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. ती डाळ, हरभरे, दूध, अंडी यांतून मिळवावीत. जोडीस नियमित व्यायाम व पुरेशी झोप असावी. पावडरीच्या डब्याची घाई नको. मात्र वजन घटत असल्यास, किंवा खोकला, ताप, जुलाब रेंगाळल्यास, क्षय व सिलिॲक रोगाची तपासणी लांबवू नये.