युरोपांतील एक सत्र : विषयांची आखणी

अलीकडे महाविद्यालयाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीं एक सत्र युरोपांतील एखाद्या विद्यापीठांत काढून परत येण्याची सोय आपल्याकडील कांहीं विद्यापीठांनीं केली आहे. आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी व त्यांचे पालक या सोयीविषयीं विचारपूस करूं लागले आहेत. विचारपुशीचा रोख बहुधा विमानाचें भाडें, थंडीचे कपडे आणि राहण्याची जागा यांकडे असतो. या गोष्टी क्षुल्लक आहेत असें नाहीं. परंतु त्या पैशानें आणि थोड्या धांवपळीनें सुटतात. तेथें कोणते विषय घ्यावयाचे, आणि ते घरच्या पदवींत कसे धरले जावयाचे, ही गोष्ट मात्र पैशानें सुटत नाहीं. तिची आखणी चुकली म्हणजे विद्यार्थी तेथें मन लावून शिकून येतो, आणि येथें त्याचें एक वर्ष वायां जातें. म्हणून या लेखांत तेवढ्याच एका गोष्टीचा विचार करण्याचें योजिलें आहे.

ही पद्धति मूळची युरोपांतील देशांची आपापसांतली. १९८७ सालीं ‘इरॅस्मस’ नांवाची योजना सुरू झाली, आणि पहिल्या वर्षीं अकरा देशांतील सुमारें ३,२०० विद्यार्थी तिच्या द्वारें परदेशीं शिकावयास गेले. ज्या पंडिताचें नांव तिला मिळालें तो डेसिडेरिअस इरॅस्मस रॉटरडॅमचा. तो पॅरिस येथें शिकला, १५०६ मध्यें तुरीन येथें धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला, केंब्रिज येथें त्यानें शिकविलें, आणि १५३६ मध्यें बाझेल येथें तो वारला. त्याला हें सर्व साधलें, कारण त्या काळीं या सर्व ठिकाणीं विद्येची भाषा एकच, म्हणजे लॅटिन होती. आज प्रत्येक देशाची भाषा निराळी, परीक्षा निराळी, वर्षारंभहि निराळा. एका ठिकाणचें शिक्षण दुसऱ्या ठिकाणीं मोजतां यावें यासाठीं या देशांनीं एक समाईक माप ठरविलें. त्यास श्रेयांक म्हणतात.

हें माप पालकांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. युरोपीय पद्धतींत पुऱ्या वर्षाचे श्रेयांक ६० व एका सत्राचे ३० धरतात. एका श्रेयांकामागें विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम गृहीत असतें. त्यांत व्याख्यानाचे तास आले, वाचनाचे आले, निबंध लिहिण्याचे व परीक्षेच्या तयारीचेहि आले. आपल्याकडील नव्या राष्ट्रीय आराखड्यांत वर्षाचे श्रेयांक ४० व सत्राचे २० आहेत. तीन वर्षांच्या पदवीस १२० आणि चार वर्षांच्या पदवीस १६० लागतात. वर्षाच्या मानानें पाहिलें तर युरोपांतील ३० म्हणजे आपले २०, अर्थात् तिकडील सहा श्रेयांकांचा विषय इकडे चारांच्या बरोबरीचा, असा हिशेब मांडतां येतो. तथापि हा हिशेब विद्यार्थ्यानें मनाशीं केलेला अंदाज होय. कोणता विषय किती श्रेयांकांचा धरावयाचा हें ठरविण्याचा अधिकार त्याच्या महाविद्यालयाचा व विद्यापीठाचा आहे.

या आंकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. ३० श्रेयांक म्हणजे कमींत कमी ७५० तास. परीक्षांसह सत्र वीस आठवड्यांचें धरलें तर आठवड्यास ३७ तासांहून अधिक काम झालें. आणि वर्गांत बसण्याचे तास पाहूं गेल्यास ते बहुधा याच्या निम्म्यानेहि भरत नाहींत. वेळापत्रकांत मंगळवार व गुरुवार मोकळे दिसले म्हणून विद्यार्थी हर्षित होतो आणि आगगाडीचीं तिकिटें पाहूं लागतो. ते दिवस मोकळे नसतात. ते ग्रंथालयाचे असतात. प्रवास अवश्य करावा, पण सत्राच्या आरंभीं तो करावा. शेवटच्या सहा आठवड्यांत तो जमत नाहीं.

आतां दिनदर्शिकेकडे वळूं. देश आधीं ठरवावयाचा आणि तारखा मागाहून पाहावयाच्या, हा क्रम घातक आहे. आपल्याकडे पहिलें सत्र जून-जुलैमध्यें सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपतें, आणि दुसरें डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिल-मेपर्यंत चालतें. जर्मनींतील बहुतेक विद्यापीठांचें हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असें असतें. प्रत्यक्ष व्याख्यानें ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत होतात. पुण्याचा विद्यार्थी या सत्रास गेला तर त्याची पहिल्या सत्राची परीक्षा बुडते आणि दुसऱ्या सत्राचाहि मोठा भाग जातो. म्हणजे तिकडचें एक सत्र इकडचीं दोन सत्रें खातें. उन्हाळी सत्राचीं व्याख्यानें एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. त्यांतहि तीच अडचण, केवळ महिने निराळे. स्वीडनचें वसंत सत्र जानेवारीच्या मध्याला सुरू होऊन जूनच्या आरंभीं संपतें, तें आपल्या दुसऱ्या सत्राशीं बरेंच जुळतें. आयर्लंडमध्यें सप्टेंबरांत सुरू झालेलें शिक्षण बहुधा डिसेंबरांत परीक्षेसह आटोपतें, तें पहिल्या सत्राशीं जुळवून घेतां येतें. याचा अर्थ जर्मनीस जाऊंच नये असा नव्हे. जावयाचें असेल तर दोन्ही बाजूंच्या परीक्षांची व्यवस्था आधीं लावून जावें, इतकाच.

विषयांची निवड करतांना बहुतेक विद्यार्थी परक्या विद्यापीठाची भली मोठी यादी उघडून बसतात, आणि आवडत्या विषयांवर खुणा करीत सुटतात. माझ्या मतें आरंभ तेथून नव्हे, घरच्या यादीपासून करावा. समजा, पुण्याच्या एका महाविद्यालयांत इतिहास हा मुख्य विषय घेतलेली एक मुलगी तिसऱ्या वर्षीं हायडेलबर्गला जाऊं इच्छिते. तिनें प्रथम पदवीस लागणारे सर्व उरलेले विषय एका कागदावर लिहावे. त्यांत मराठ्यांचा इतिहास हा विषय आवश्यक असेल तर तो तिकडे मिळेल अशी आशा धरूं नये. तो जाण्यापूर्वीं पुरा करावा अथवा परतल्यावर करावयास जागा ठेवावी. अर्वाचीन युरोपचा इतिहास हा विषय दोन्हीकडे आहे. तो मुद्दाम जर्मनीसाठीं राखून ठेवावा. आणि ज्या ऐच्छिक विषयांच्या जागीं कोणताहि विषय चालतो, त्या जागांवर तिनें हवें तें घ्यावें. अशी वांटणी पहिल्या वर्षाच्या अखेरीस झाली तर पुढचें सोपें होतें. तिसऱ्या वर्षीं ऐच्छिक जागा सर्व भरून गेल्यावर परदेशाची आठवण झाली तर उपयोग होत नाहीं.

हायडेलबर्गचें नांव घेतलेंच आहे तर सांगतों. हें विद्यापीठ १३८६ सालीं स्थापन झालेलें, जर्मनींतील अत्यंत जुनें. तेथें १९६२ पासून दक्षिण आशियाच्या अभ्यासाची एक मोठी संस्था आहे. भारतांतून गेलेल्या विद्यार्थ्यांस तेथील विषय ओळखीचे वाटतात, आणि तिकडे ओढ लागते. त्या संस्थेंतील एखादा विषय घेण्यास हरकत नाहीं. आपल्याकडे दुसरे लोक कसे पाहतात हें कळणें हेंहि शिक्षणच. परंतु सगळेच विषय असे घेतले तर एवढा खर्च करून भारताचा अभ्यास करण्यासाठीं भारत सोडला, असें होईल. जें येथें शिकतां येत नाहीं असें निदान एक तरी घ्यावें: तेथील एखादें दप्तरखाना वाचण्याचें शास्त्र, तेथील गिरिजाघरांच्या स्थापत्याचा इतिहास, किंवा निदान तेथील भाषा.

भाषेविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. नेदरलंड्स व स्वीडन येथें इंग्रजींतून शिकविले जाणारे विषय पुष्कळ आहेत. जर्मनींतील सरकारी विद्यापीठांत पदवीपूर्व वर्गांचे बहुतेक विषय आजहि जर्मन भाषेंतूनच शिकवितात. युरोपांत भाषेच्या ज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानतात. जर्मनमधून व्याख्यानें ऐकावयाचीं तर साधारणपणें चौथी पायरी, म्हणजे बी-२, लागते. ती दोन-तीन महिन्यांत गांठतां येत नाहीं. म्हणून ज्याला तिकडे जाण्याची इच्छा आहे त्यानें अकरावीपासूनच जर्मन धरावी.

विषयाच्या नांवापुढें तो कसा शिकवितात हेंहि लिहिलेलें असतें, आणि तें वाचल्यावांचून सही करूं नये. व्याख्यानमालेची परीक्षा बहुधा शेवटीं लेखी होते. परिसंवादाच्या वर्गांत वीस-पंचवीस विद्यार्थी बसतात, प्रत्येकानें वर्गापुढें निबंध वाचावा लागतो, आणि व्याख्यानें संपल्यावर तोच विस्तारानें लिहून द्यावा लागतो. असे चार परिसंवाद एकदम घेतले तर फेब्रुवारी-मार्चमध्यें चार प्रबंध डोक्यावर येऊन पडतात, आणि त्याच वेळीं पुण्याचें महाविद्यालय हजेरीसाठीं तगादा लावीत असतें. दोनच परिसंवाद घ्यावे. बाकीची भरती व्याख्यानांनीं व भाषेच्या वर्गानें करावी. नापास झालेल्यांची दुसरी परीक्षा कधीं असते हेंहि पाहावें. ती पुढच्या सत्राच्या तोंडाशीं असेल तर तोंवर विद्यार्थी घरीं परतलेला असतो, आणि तिचा त्याला कांहीं उपयोग नसतो.

जितके विषय हवे त्याच्या दुपटीनें मनांत धरून ठेवावे. एखादा विषय वर्षाआड शिकवितात, एखाद्याच्या जागा भरतात, एखाद्यास पूर्वीं दुसरा विषय केलेला असावा लागतो, आणि दोन उत्तम विषय बुधवारीं दहा वाजतां एकदमच असतात. जर्मनींत दहा वाजतां लिहिलेलें व्याख्यान पुष्कळदां सव्वादहाला सुरू होतें. ही तेथील जुनी विद्यापीठीय सवलत आहे, तिच्या भरंवशावर मात्र दोन वर्ग सांधतां येत नाहींत.

आतां जें सर्वांत महत्त्वाचें तें. निवडलेल्या विषयांची यादी, प्रत्येकाचे श्रेयांक, आणि घरच्या पदवींतील ज्या विषयाच्या जागीं तो धरला जाईल त्याचें नांव, अशी एक अध्ययन-करारपत्रिका करतात. तिच्यावर विद्यार्थी, घरची संस्था व यजमान संस्था या तिघांच्याहि सह्या हव्यात. प्राध्यापकांनीं व्हरांड्यांत ‘होईल, काळजी करूं नकोस’ म्हटलें, यास परवानगी म्हणत नाहींत. प्राध्यापक बदलतात, विभागप्रमुख बदलतात, कागद राहतो. तिकडे गेल्यावर विषय बदलावा लागला तर बदलाच्याहि कागदावर पुन्हा तिघांच्या सह्या घ्याव्या, आणि त्याच आठवड्यांत घ्याव्या.

आपल्याच प्रांताच्या इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ सालीं लंडनच्या अर्थशास्त्राच्या शाळेंत दाखल झाले; पण बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. परतण्यापूर्वीं त्यांनीं चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुढें चालविण्याची परवानगी मिळविली होती. १९२० मध्यें ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ मध्यें एम. एस्सी. झाले, आणि १९२३ मध्यें डी. एस्सी. झाले. त्यांचा प्रसंग एका सत्राच्या अदलाबदलीहून कितीतरी कठीण होता. तरी हाताशीं ती परवानगी होती म्हणून मध्यंतरीचीं वर्षें गेलीं तरी केलेलें काम गेलें नाहीं.

पालकांनीं महाविद्यालयास एक प्रश्न आरंभींच विचारावा: त्या परदेशी विद्यापीठाशीं तुमचा करार आहे काय? अदलाबदलीचा करार असेल तर शिक्षणाची फी साधारणपणें घरींच भरावयाची असते, तिकडे निराळी पडत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें जोड-अभ्यासक्रमांत एकूण श्रेयांकांपैकीं शेंकडा ३० पर्यंत परदेशांतील धरतां येतात. करार नसतां स्वतंत्रपणें गेल्यास फीहि पडते आणि श्रेयांक धरले जाण्याची शाश्वतीहि राहत नाहीं.

निकालाच्या कागदावरून घरांत गैरसमज होतात, म्हणून तेंहि सांगून ठेवतों. जर्मनींत १.० हा सर्वोत्तम, ४.० हा उत्तीर्ण होण्यापुरता आणि ५.० म्हणजे नापास, तेव्हां १.३ पाहून मुलावर रागावूं नये. फ्रान्समध्यें वीसांपैकीं गुण देतात, दहाला उत्तीर्ण धरतात, आणि चौदा हे तेथें चांगले गुण समजले जातात. इटलींत तिसांपैकीं अठरा लागतात, व परीक्षा पुष्कळदां तोंडी असते. हे गुण आपल्या श्रेणींत कसे बदलावयाचे याचा तक्ताहि जाण्यापूर्वींच महाविद्यालयाकडून लेखी मागून घ्यावा.

परततांना प्रत्येक विषयाचें अधिकृत वर्णन, वाचनाची यादी, लिहिलेले निबंध व परीक्षेचे कागद सोबत आणावे. अधिकृत गुणपत्रक येण्यास पुष्कळदां आठवडे लागतात. तोंवर येथील परीक्षा-विभागास दाखविण्यासारखें विद्यार्थ्यापाशीं तेवढेंच असतें.